तीन रकान्यांची वही

वारजे, पुणे
६ जून १९९९

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

मे महिन्यात दोन्ही लेकरं घेऊन पुलगावला का आली नाहीस, असं तू विचारलंस. आता खरं ते लिहिते. फोन करायचा तर तुझ्याकडचा फोन मथुराबाईंच्या घरात, आणि मथुराबाईंना कळलं म्हणजे सगळ्या आळीला कळलं. म्हणून पत्रच बरं.

सुदर्शन अमेरिकेला गेले. सन दोन हजार लागलं की कॉम्प्युटरांना तारीख कळेनाशी होणार म्हणे, ते दुरुस्त करायला. इथं घरात आज वार कोणता ते मला कळत नाही, त्यासाठी कुठली कंपनी इंजिनिअर पाठवत नाही. जानेवारीत परत येतील.

ते गेले आणि चौथ्या दिवशी चेतन दार उघडून निघून गेला. बायपासवर सापडला. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून सापडला. सहा वर्षांचा मुलगा, पण मागून हाक मारली तर वळून बघत नाही. त्या दिवसापासून दाराला अगदी वर, माझा हात जेमतेम पोचेल अशी कडी बसवून घेतली. दिवसभर ती लावलेली आणि आम्ही तिघं आत. भाजी हवी असली की गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडते, वेणूबाई भाजीवाली भरून देते. हे पत्रही त्याच पिशवीतून उतरेल, ती पेटीत टाकेल.

चेतनला कमी ऐकू येतं असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्याचे कान उत्तम आहेत. त्याला स्वमग्नता आहे, ऑटिझम म्हणतात ना, ते. बिबवेवाडीला राधा मॅडम आहेत, त्या शिकवतात. त्यांनी सांगितलंय, त्याच्याशी लांबलचक बोलायचं नाही, एका वेळी एकच शब्द. आणि चित्रांची कार्डं करायची. ग्लास, पोळी, चप्पल. त्यानं कार्ड आणून दिलं की ती वस्तू द्यायची. मी बावीस कार्डं काढून स्वयंपाकघरात खालच्या खिळ्यांना अडकवली. सहा महिन्यांनी तो पाण्याचं कार्ड आणायला शिकला. त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले.

पण हे पत्र पायलसाठी आहे. ती चौदा महिन्यांची झाली. राधा मॅडम एका अभ्यासात आहेत, अशा मुलांच्या पाठची भावंडं कशी बोलायला लागतात त्याचा. चौदाव्या, अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात तपासतात. त्या म्हणाल्या, बहुतेक भावंडं ठीक असतात, काही उशिरा बोलतात आणि गाठून घेतात, आणि काहींना तेच असतं. मी विचारलं, हिचं काय? म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही. मग एक वही दिली. तीन रकाने आहेत. तारीख, शब्द, कोणाला म्हणाली.

वही येऊन वीस दिवस झाले. कोरी आहे. चेतनच्या वेळी वही नव्हती, पण असती तर तीही कोरीच राहिली असती. मला फार भीती वाटते, ताई.

तुझी,
दीपा


पुलगाव
२० जून १९९९

प्रिय दीपास,
सप्रेम जयभीम.

दोन वर्षं कानाचं सांगत होतीस. मी इथं पोराच्या कानाची चिंता करत बसले, तुझ्या भाऊजींनी वर्ध्याच्या कानाच्या डॉक्टरचा पत्तासुद्धा काढून ठेवला. काहून लपवलं गं? मी काय परकी आहे का? रागावले आहे. पण ते असो.

आता माझं ऐक. माझ्या अंगणवाडीत तीस पोट्टे आहेत. त्यांतले पाच जण दोन वर्षांचे होईस्तोवर तोंडात मूग धरून होते, आता त्यांना गप्प करता करता माझा घसा बसतो. चौदा महिन्यांची पोट्टी ती, तिला काय भाषण करायचं आहे का? तू वही उघडून समोर बसलीस तर मीसुद्धा बोलणार नाही.

एक सुचवते, रागावू नकोस. तिला माझ्याकडे पाठव. चार-सहा महिने. तिथं ती कोणाचं ऐकून बोलणार? भाऊ बोलत नाही, बाप सातासमुद्रापार. इथं सकाळी दहापासून नुसता कलकलाट असतो. तुझे भाऊजी म्हणतात, घरात लेकरू आलं तर तेवढंच घर भरेल. आमचं तुला ठाऊकच आहे. विचार कर.

तुझी ताई,
शालन


वारजे
११ जुलै १९९९

प्रिय ताई,

नाही पाठवणार. एक लेकरू माझ्याकडे बघत नाही, दुसरं मी गाडीत बसवून देऊ? परत असं लिहू नकोस.

मी काय काय करते ते सांगते, तू हसशील. तिच्या पाठीमागे उभी राहून हाक मारते. दिवसातून दहा वेळा, मोजून. सात वेळा वळते. मग तीन वेळा का नाही वळली, याचा विचार करत भांडी घासते. परवा मुद्दाम ताट पाडलं. पायल दचकली, मला केवढा आनंद झाला. चेतन कान झाकून तासभर ओरडत राहिला.

समोरच्या ब्लॉकमधल्या नम्रताचा मुलगा पायलहून दोन महिन्यांनी लहान. तो काऊ म्हणतो, बाबा म्हणतो, आणि काल साबण म्हणाला. साबण! नम्रता दारात उभी राहून सांगते, "अगं, नुसता बडबडतो, डोकं उठवलंय." मी म्हटलं, "हो का," आणि कडी लावून घेतली.

आज जे झालं ते ऐक. पायलनं माझं मनगट धरलं आणि ओढत माठापाशी नेलं. तोंडातून अक्षर नाही. चेतन अगदी असंच करायचा, माझा हात म्हणजे त्याला पळीसारखा, हवं तिथं न्यायचा आणि वापरायचा. मी पाणी काढेपर्यंत पायल मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मात्र तिच्याकडे बघू शकले नाही. वहीत शब्दाच्या रकान्यात फुली मारली.

सुदर्शनना कळवलं नाही. दर रविवारी फोन येतो, तेव्हा "सगळं ठीक" म्हणते. ते तिथून काय करणार?

दीपा


वारजे
१० ऑक्टोबर १९९९

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

परवा आमच्या घरीच अठराव्या महिन्याची तपासणी झाली. राधा मॅडमनी चेंडू, बाहुली, वाटी, चमचा मांडले. "वाटी दे," पायलनं दिली. "बाहुलीला झोपव," झोपवली. कळतं सगळं. मग त्यांनी तासभर वाट बघितली, तिनं एक शब्द काढला नाही. शेवटी उठून खिळ्यावरचं पोळीचं कार्ड आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. राधा मॅडम काहीतरी लिहून घेत होत्या. मी म्हटलं, "हिलाही तेच आहे ना?" त्या म्हणाल्या, "मी असं म्हणाले नाही. सहा महिने थांबू." ताई, थांबून थांबून माझी पाठ मोडली आहे.

मग मीच ठरवलं. ती कार्ड आणते, कारण तिनं भावाला तेवढंच करताना पाहिलंय. या घरात ती दुसरं काही शिकणार नाही. चेतनला सोडून मला कुठं जाता येत नाही, आणि त्याला घेऊनही जाता येत नाही. मागच्या महिन्यात बसमध्ये तो किंचाळला, तेव्हा कंडक्टरनं घंटा मारून आम्हाला उतरवलं. मी इथून हलू शकत नाही. पण तिला हलवता येईल.

ये आणि घेऊन जा. विजयादशमीला तुम्ही सगळे दीक्षाभूमीला जाल, ते आटोपलं की ये. मी जुलैत जे लिहिलं ते विसर.

दीपा


पुलगाव
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय दीपास,
सप्रेम जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये पायलनं अख्ख्या डब्याला चुरमुरे वाटले. रडली नाही. तू स्टेशनवर आली नाहीस तेच बरं झालं, नाहीतर मी रडले असते.

इथं छान रमली आहे. दिवसा आमचं दार कोणी लावत नाही, तर ही बाई उंबऱ्याशी जाऊन उभी राहते, बाहेर बघते, माझ्याकडे बघते. तुझी वाट बघते गं. मी म्हणते, येईल हो तुझी आई.

आणि तुला जे ऐकायचं आहे ते सांगते. बोलायला लागली! परवा मला "माय" म्हणाली. काल भाऊजींना "दे" म्हणाली. आता तरी पोटभर जेव. वाळून कोळ झाली आहेस. तुला दारात बघितलं तेव्हा काळजात चर्र झालं.

तुझी ताई


वारजे
२ डिसेंबर १९९९

प्रिय ताई,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं याची गणतीच नाही. लगेच वही काढली. "माय." "दे." दोन शब्द लिहिले. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "ताईला." "भाऊजींना."

म्हणजे माझंच खरं. पोरगी चांगली आहे, हे घर तिला गिळत होतं. मी अठरा महिने तिला इथं कोंडून ठेवलं आणि तुझ्याकडे पंधरा दिवसांत ती बोलली. आता ऐक. जानेवारीत आणून पोचवायचं आपलं ठरलं होतं. नको आणूस. तिथंच राहू दे, शाळेत घालेपर्यंत. जमलं तर त्यानंतरही. भाऊजींना लेकरू हवंच आहे. तुला माय म्हणते तर तूच तिची माय.

सुदर्शनना सांगितलं. ते म्हणाले, दुसरं प्रोजेक्ट मिळतंय, जूनपर्यंत थांबावं लागेल. मी म्हटलं, थांबा.

तिचे फ्रॉक वेगळ्या पार्सलनं पाठवते. पाण्याचं कार्ड सापडत नाही, दुसरं करावं लागलं.

दीपा


पुलगाव
९ जानेवारी २०००

दीपा,

माझी चूक झाली. मी खोटं लिहिलं. पायल "माय" म्हणाली नाही. "दे" म्हणाली नाही. एक शब्दही नाही. तुझा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता, वाटलं चार दिवस तरी नीट जेवशील. मी खोटं लिहिलं आणि तू पोरगीच मला देऊन टाकलीस. महिनाभर मी ते पत्र उशीखाली घेऊन झोपले. तुला खरं सांगू? मलाही मोह झाला. तिला न्हाऊ घालते, वेणी घालते, वाटायचं, राहू दे ना. काल तुझे भाऊजी म्हणाले, "शालन, दुसऱ्याच्या लेकराची माय खोट्यानं होता येत नाही." म्हणून लिहायला बसले.

आता खरं खरं जे बघितलं तेच लिहिते. तुझं हरवलेलं पाण्याचं कार्ड पायलच्या मुठीत आहे. येताना घेऊन आली. अंगणवाडीत एक पोट्टा पडला, भोकाड पसरलं. ही गेली, ते कार्ड त्याच्यापुढे धरलं. त्यानं घेतलं नाही, तर घड्यापाशी जाऊन पेला भरून आणला, अर्धा अंगावर सांडला, आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तो हसला तेव्हा ही हसली. चेतन कधी कोणाच्या तोंडाकडे असं बघतो का? मी शिकलेली नाही तुझ्या राधा मॅडमसारखी, पण तीस पोट्टे रोज बघते.

आणखी एक. तुझ्याकडे दोन दिवस राहिले, त्यात तू पायलशी काय बोललीस सांगू? "ये. बस. खा. नको." चेतनशी बोलतेस तसंच तिच्याशी. माझ्याशीसुद्धा तसंच बोलत होतीस, "ताई, चहा. घे." अगं, तू केवढी बडबडी होतीस! बाबा म्हणायचे, हिला रेडिओवर पाठवा. तुझ्या घरात बोलून काही मिळत नाही, कार्ड दाखवलं की मिळतं. हुशार पोट्टी आहे, तिनं ते हेरलं. ती भावाची भाषा शिकली, दीपा. आजार नाही लागला तिला. असं मला वाटतं.

शिव्या घाल. पण तिला घेऊन मी येते.

शालन


वारजे
२३ जानेवारी २०००

ताई,

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं.

पन्नास दिवस मी मुलगी नसल्याची सवय करून घेत होते. तुला याची कल्पना तरी आहे? वहीतले ते दोन शब्द आता खोडले. खोडताना वही फाटली. माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण हे मी इतक्यात विसरणार नाही.

दुपारभर आठवत बसले. खरंच, मी पायलला कधी गोष्ट सांगितली? कधी विचारलं, आज काय करूया गं? आठवेना. चेतनसाठी मोजून मापून बोलता बोलता माझ्या तोंडाला कुलूप लागलं. मी तिच्या पाठीमागे उभी राहून हाका मोजत होते, आणि ती समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

घेऊन ये. लवकर ये.

दीपा


वारजे
१६ एप्रिल २०००

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

जयंतीच्या आधी लिहिलेलं तुझं पत्र मिळालं, मिरवणुकीच्या तयारीचं वाचून मन तिथंच गेलं. आमची जयंती गॅलरीतून झाली. खालून ढोल गेले, चेतन कान झाकून कपाटामागे बसला. पायलला मी कडेवर घेऊन सगळं सांगत होते, ते बघ निळे झेंडे, ते बघ ढोलवाले. फेब्रुवारीपासून हेच करते. कांदा चिरताना कांद्याबद्दल बोलते, कपडे वाळत घालताना चिमट्यांबद्दल. सुरुवातीला वेड्यासारखं वाटायचं. नम्रतानं विचारलं, "घरी पाहुणे आलेत का?" मी म्हटलं, "हो, मुक्कामाला आहेत."

मार्चमध्ये वहीत पहिला शब्द आला. पाणी. पण तिसऱ्या रकान्यात लिहावं लागलं, "चेतनला." तो भिंतीवर डोकं आपटत होता. पायलनं त्याच्यापुढे कार्ड धरलं आणि म्हणाली, "पाणी." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, पण पाणी प्यायला. मग "दादा" आला. मग "नको". "आई" अजून नाही.

काल चोविसाव्या महिन्याची तपासणी होती. राधा मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की या वयात आम्ही एकच बघतो, मूल स्वतःहून दोन शब्द जोडतं का. त्या आल्या, दोन्ही हातांत खेळण्यांच्या पिशव्या, म्हणून दार उघडंच राहिलं. चेतन कपाटामागून निघाला आणि सरळ दाराकडे चालायला लागला. मी पिशव्या घ्यायला वाकलेले. पायलनं त्याच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग माझा पदर ओढला. बोट वर केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "कडी लाव!"

राधा मॅडमनी पिशव्या खाली टाकल्या. "दीपाताई, ऐकलंत? दोन शब्द! बोट दाखवलं, तुमच्याकडे बघितलं, कोणी शिकवलं नव्हतं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बरोबरच्या खुणा भराभरा करत गेल्या. मग म्हणाल्या, "हिचं बोलणं थोडं मागे आहे, पण गाठेल. मला चेतनची लक्षणं हिच्यात दिसत नाहीत. आता निर्धास्त व्हा." ताई, वर्षभर हे वाक्य ऐकण्यासाठी मी जगत होते. मी पायलला उचलून गरागरा फिरवलं. हसलो, रडलो, राधा मॅडमनी चहा दोनदा घेतला.

त्या गेल्यावर वही उघडली. तारीख लिहिली. मग शब्द लिहिला, कडी लाव. लिहिलेलं डोळ्यांनी वाचलं तेव्हा हात थांबला. नम्रताच्या मुलाचं पहिलं वाक्य होतं, "भूर जाऊ." मला तिनं दहा वेळा ऐकवलंय.

ताई, पुलगावला ती तुझ्या उंबऱ्याशी उभी राहायची ना, बाहेर बघायची आणि तुझ्याकडे बघायची. ती माझी वाट बघत नव्हती गं. दार उघडं आहे हे ती तुला सांगत होती. तीन महिने सांगत राहिली, तुला कळलं नाही, मलाही कळलं नसतं. माझी मुलगी हुशार आहे. या घरात काय जपायचं असतं ते तिला बोलता येण्याआधीच समजलं. सुदर्शन फोनवर म्हणाले, "वा! म्हणजे पुढे चेतनला सांभाळायला कोणीतरी आहे." दोन वर्षांची आहे ती. मी फोन ठेवून दिला.

यंदा तू तिला मागितलंस तर मी नाही म्हणणार नाही, आणि हो म्हणायची हिंमतही नाही. तू सुटीत इथंच ये. येऊन तिला रोज बाहेर ने, जिथं दारं उघडी असतात तिथं.

वहीतली ती ओळ कालच पुरी केली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "मला." वर्षभर त्या रकान्यात तेवढंच लिहायचं होतं. पेन ठेवून मान वर केली, तर पायल दाराशी उभी. राधा मॅडमना सोडून आल्यावर कडी लावायची मी विसरले होते. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. चेतन चप्पल शोधत होता.

मी उठले आणि कडी लावली. मग ती खेळायला गेली.

तुझी,
दीपा